गौराईच्या जागी मी

वर्गात मी पोरांना पहिला प्रश्न हाच विचारते, कवितेत बोलतंय कोण? कवी नव्हे रे, बोलणारा कोण ते सांगा. कुणी चुकलं की मी भडकते. जळगावच्या कॉलेजात वीस वर्षं हेच चाललंय. भडकायचा हक्क मला उरलेला नाही, हे पोरांना माहीत नाही म्हणून चालतं.

माझं माहेर साक्रीकडचं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घरात गौराई मांडतात आणि भर दुपारी निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात. जुन्या गाण्यात आपापल्या ओळी घालायच्या. एक रीत मात्र सगळ्या पाळतात, आपलं दुखणं आपल्या नावानं म्हणायचं नाही, गौराईवर घालायचं. सासू छळते ती गौराईची, नवरा बोलत नाही तो गौराईशी. ऐकणाऱ्या बायांना कळायचं ते बरोबर कळतं.

माझी अक्का, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी बहीण, यात पटाईत. मी सातवीत होते त्या आखाजीला ती झोक्यावर बसली आणि म्हणाली, "गौराई उनी माहेरले, हात झाके पदरमा." गौराई माहेरी आली, पण हात पदरात झाकून. बायांनी ओळ उचलली, घोळून घोळून म्हटली. काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. संध्याकाळी काकूनं गुपचूप अक्काच्या मनगटाला हळद लावली. ओट्यावर बसलेल्या आबांनीही, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती ओळ ऐकली होती. ते तिला सासरी पोचवायला गेले आणि तिथंच आठ दिवस ठाण मांडून बसले. जावयाला एक वावगा शब्द बोलले नाहीत, दोन्ही वेळा त्याच्या शेजारी बसून जेवले फक्त. त्यानंतर अक्काचा हात कधी काळानिळा दिसला नाही.

एवढं एका ओळीनं केलं. आणि मला शहाणीला काय वाटावं? तर म्हणे, ही बाई आयुष्यभर गौराईमागे लपली, हिला हिचा स्वतःचा आवाज मिळवून द्यायला हवा! तीन वर्षांपूर्वी मी कविता लिहिली, अक्काच्या तोंडून. 'मी आले माहेराला, हात झाकून पदरात' अशी सुरुवात, आणि पुढे मनगट, हळद, आबा, सगळं. अक्काला विचारलं नाही. खरं सांगते, विचारावंसं वाटलंसुद्धा नाही. धुळ्याला एका कार्यक्रमात वाचली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे पुसले. "ही माझ्या बहिणीची कविता आहे," असं मी माइकवर सांगितलंही होतं. टाळ्या काय, फोटो काय, मी हवेतच होते. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि आठवड्याभरात ते अक्काच्या गावात पोचलं.

तिच्या मुलानं ते घरात सगळ्यांसमोर लावलं. बायको होती, वडीलही होते. मग आईला विचारलं, "आई, हाई खरं शे का?"

गाणं चालू असताना असं कुणी विचारत नाही. गौराईला कोण जाब विचारणार? पण एकदा 'मी' म्हटलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. दाजी आता पार थकलेत, अक्काच्या हातानं जेवतात. ते मान खाली घालून बसले होते. अक्का म्हणाली, "खोटं शे. तुन्ही मावशीले वाढवी सांगानी सवय शे."

भाच्यानं मला हे फोनवर सांगितलं, वर हसला. मला असा राग आला अक्काचा! मी हिच्यासाठी एवढं केलं आणि ही मलाच खोटी पाडते? दोन महिने मी फोन केला नाही. शेवटी तिचाच आला. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ते गौराईनं व्हतं वं माय. तू मन्हं करी टाकं. आते मालेच ते खोटं म्हननं पडनं."

गौराईचं होतं ते, मी तिचं करून टाकलं. तिचं जे दुःख सगळ्या बायांनी न विचारता खरं मानलं होतं, ते तिलाच स्वतःच्या तोंडानं पुसून टाकावं लागलं, आणि ते माझ्यामुळे. किती मूर्ख असावं माणसानं!

यंदा आखाजीला ती आली. बाया म्हणाल्या, अक्का, म्हन ना. तिनं आंब्याच्या रसाचं, सांजोऱ्यांचं काहीबाही म्हटलं. गौराईचं नाव काढलं नाही. मला राहवेना. आपण मोडलं ते आपणच जोडावं, असं वाटलं. मी झोक्यावर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिचीच जुनी ओळ जशीच्या तशी म्हटली, "गौराई उनी माहेरले, हात झाके पदरमा."

कुणीच ओळ उचलली नाही. खाली बसलेल्या साऱ्या बायांच्या नजरा अक्काच्या मनगटाकडे गेल्या. तिथं काही नव्हतं, दोन हिरव्या बांगड्या होत्या. अक्कानं झोक्याची दोरी सोडली आणि तो हात पदरात घेतला.