मामांच्या मशीनचा गेन

माझ्या मामेसासऱ्यांइतके जपलेले कान साऱ्या माळव्यात दुसऱ्या कुणाचे नसतील. माणसं दागिने जपतात, घराण्याचं नाव जपतात, कुणी कुणी पथ्यपाणी करून तब्येतही जपतात. मामांनी आयुष्यभर कान जपले. त्यांची सगळी उमेदीची वर्षं इंदूरच्या एका कापडगिरणीच्या साचेखात्यात गेली. साचा म्हणजे माग. असे शेकडो माग एका छपराखाली धडधडत असत. शेजारच्या माणसाने तिथे ढोल वाजवला असता तरी तो नुसता दिसला असता. त्या खात्यातली बरीच मंडळी चाळिशीतच बहिरी व्हायची, आणि हे घरच्यांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षं लागायची, कारण घरात त्यांना तसंही कुणी काही विचारत नसे. मामांनी मात्र पहिल्या पाळीलाच दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले. गिरणीत कापसाला काय तोटा? सगळं खातं हसलं. मामांनी शांतपणे सांगितलं, "हात मिलचे आहेत भिया, कान माझे आहेत. शाम को गिटार बजानी है."

गिटार हे मामांचं खरं कुळदैवत. गिरणीच्या ऑर्केस्ट्रात ते इलेक्ट्रिक गिटार वाजवत आणि गणपतीच्या दिवसांत त्यांच्याइतका मान मिलच्या मॅनेजरलाही नसे, असं मामांचंच म्हणणं आहे. पण ते राहत त्या मल्हारगंजात ओळखले जात ते कापसामुळे. गिरणीबाहेरही बोळे कानातच असत आणि समोरचा माणूस पाहून बाहेर निघत. माझ्यासारख्या जावयासाठी दोन्ही निघायचे. माझे सासरे, म्हणजे त्यांचे मेहुणे, आले की एकच निघायचा. महागाईवर बोलणाऱ्यासाठी एकही निघत नसे, आणि तो गृहस्थ मात्र मामांनी किती शांतपणे ऐकून घेतलं म्हणून खूश होऊन जायचा.

कापसाची ही माया कानांपुरती राहिली असती तर आमची तक्रार नव्हती. पण साचेखात्यात हवेत सारखा कापसाचा तूस उडायचा, तो मशीनच्या भोकांत शिरायचा, आणि तो शिरू नये म्हणून मामा आधीच त्या भोकांत कापसाचे बोळे बसवायचे. कापूस जाऊ नये म्हणून कापूस! या युक्तीवर त्यांचा एवढा विश्वास बसला की कुठलंही उघडं भोक दिसलं की त्यांचा हात खिशातल्या कापसाच्या डबीकडे जाई. घरातले विजेचे रिकामे सॉकेट, रेडिओची पाठ, कुलपं, सगळं बंद. लग्नानंतर मी नव्या स्कूटरवरून त्यांच्याकडे जेवायला गेलो आणि निघताना किल्ली आत जाईना. "धूळ जाऊन राहिली होती ना," मामा म्हणाले, "मी बंदोबस्त करून दिला." त्या बंदोबस्तामुळे मी आणि माझी नवी बायको टेम्पोत बसून घरी आलो.

साचेखात्याने त्यांना आणखी एक विद्या दिली होती. आवाज ऐकूच येत नाही म्हटल्यावर तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचत. मामा यात इतके पटाईत झाले की गच्चीत उभं राहून समोरच्या गच्चीवरची भांडणं घरच्यांना चालू अवस्थेत सांगत. एका लग्नात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आचारी वाढप्याच्या कानाशी काय पुटपुटला ते त्यांनी वाचलं आणि आमच्या पंगतीत जाहीर केलं, "श्रीखंड संपत आलंय, आत्ताच मागून घ्या." मुलीकडची माणसं आमच्या पंगतीकडे बघतच राहिली.

मग गिरण्या बंद पडू लागल्या. एकेक भोंगा थांबत गेला. आधी काही दिवस लोक रोजच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहत, मग तेही थांबलं. कुणी पोह्याची गाडी लावली, कुणी गावी गेलं. मामांना पोलोग्राउंडच्या कारखानदारी वस्तीत प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात देखरेखीचं काम मिळालं. काम बरं होतं, मालक भला होता, पण मामा दिवसेंदिवस उतरत चालले. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जावईबापू, तिथे काही आवाजच नाही हो. बादली पडते, टप् करून. बस. साचेखात्यात पाय टाकला की छातीवर जो दणका बसायचा ना, तो गेला." ज्या आवाजापासून त्यांनी सारा जन्म कान लपवले, तोच आता त्यांना हवा होता. मला हसू आलं नाही.

देशाच्या बाजाराची दारं उघडली म्हणतात ते हेच दिवस होते. ज्या बाजारात एकेका पार्टसाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागायची, तिथे परदेशी वस्तू काचेत मांडून ठेवू लागले. मामांच्या सिंगापूरच्या पुतण्याने त्यांना एक डिजिटल मशीन पाठवलं. दिसायला मिठाईच्या डब्याएवढं, पण जगातल्या नामांकित अँप्लिफायरांचे आवाज म्हणे त्यात भरलेले. गिटारची वायर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने स्पीकर जोडायचा, बटण फिरवून हवा तो अँप निवडायचा. मामांचा जीव होता तो 'गेन' नावाच्या बटणावर. "व्हॉल्यूम म्हणजे मशीन किती ओरडतं ते," त्यांनी मला समजावलं, "आणि गेन म्हणजे त्याला किती भूक आहे ते. गेन वाढवला की तार नुसती छेडली तरी आवाज फाटतो, गुरगुरतो. एकदम साचेखातं!" मशीन आलं त्याच दिवशी मामींनी खोलीचा कोपरा अडवून बसलेला जुना, कपाटाएवढा अँप भंगारवाल्याला देऊन टाकला. स्पीकर यायला मात्र आणखी काही दिवस लागले.

स्पीकर आला, मशीन सुरू झालं आणि त्यातून आवाज निघाला तो माठात अडकलेल्या माशीचा. मामांनी गेन वाढवला, आणखी वाढवला, पार टोकाला नेला. माशी तशीच. तेव्हा त्यांनी मामींना हाक मारून विचारलं, "का गं, आवाज कसा येतोय?" पंचवीस-तीस वर्षं त्या गिटारच्या शेजारी स्वयंपाक केलेल्या बाईला इतकी शांत संध्याकाळ प्रथमच लाभली होती. ती घालवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या म्हणाल्या, "भरपूर आहे हो! भिंती हलून राहिल्यात." मामांनी खाली नमकीनवाल्याला विचारलं. त्यालाही धंदा शांततेत करायचा होता. "दादा, पूरा मल्हारगंज सुन रहा है!" तो म्हणाला. मामा जिना चढून वर आले, त्यांनी गिटार खोळीत घातली आणि ती पलंगाखाली सरकवली.

ही बातमी आम्हाला कळायला वेळ लागला, कारण माझी तेव्हा खंडव्याला बदली झाली होती. मामीच घाबऱ्याघुबऱ्या होऊन फोनवर माझ्या बायकोला म्हणाल्या, "हे जेवून नाही राहिले. गिटारला हात लावत नाहीत. गॅलरीत बसून नुसतं बडा गणपतीच्या रस्त्याकडे बघतात." बायकोने मला इंदूरला पिटाळलं. गेलो तर मामा खरंच गॅलरीत बसलेले, आणि मला पाहून त्यांनी कानाकडे हातच नेला नाही. जवळून पाहिलं तर कानात बोळेच नव्हते. मी त्यांच्यासमोर बसलो.

"मामा, बोळे कुठे गेले?"

"आता कशाला ते?" मामा म्हणाले. "ज्यांच्यासाठी घालत होतो ते कान गेले. उशिरा का होईना, साचेखात्याने वसूल करून घेतलं."

"पण माझं बोलणं तर ऐकू येतंय तुम्हाला."

"ऐकू येतंय की तुमचे ओठ वाचतोय, मला काय मालूम? इतक्या वर्षांची आदत आहे. टीव्हीवर पण ओठ दिसतात. देवळातली घंटा वाजते, पण ती हलताना पण दिसते ना!" मामांनी आतल्या पलंगाकडे बोट दाखवलं. "गिटारला ओठ नाहीत, जावईबापू. तिथे पकडलो गेलो. सगळ्यांना भरपूर आवाज येतो, मला माशी ऐकू येते."

मी म्हटलं, एकदा मला वाजवून दाखवा. ते तयार होईनात. शेवटी मीच पलंगाखालून गिटार ओढली, वायरी जोडल्या आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. मामांनी डोळे मिटून तारा छेडल्या. माठातली माशी मला स्पष्ट ऐकू आली. मी सरळ सांगितलं, "मामा, हे मशीन बिघडलंय. आवाजच नाही यात."

मामांनी डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"मशीन बिघडलंय."

"पुन्हा बोला. तोंडावर हात ठेवून बोला!"

मी तोंडावर हात ठेवला आणि म्हणालो, "मशीन पार कामातून गेलंय, मामा."

सिंगापूरहून आलेली वस्तू बिघडली हे ऐकून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "बिघडलंय! अगं, ऐकलंस का, मशीन बिघडलंय!" असं ओरडत ते स्वयंपाकघरात गेले, आणि मामींना सगळा प्रकार तेव्हा प्रथम उमगला. त्या पदराने हात पुसत बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या. "मीच म्हटलं हो, भरपूर आहे म्हणून. मला वाटलं, चार दिवस शांततेत जातील. तुम्ही मनाला असं लावून घ्याल हे मला काय माहीत?" मामा त्यांच्यावर चिडायलाही विसरले होते.

मग आम्ही मशीनच्या मागे लागलो. ॲडॅप्टर बदलून पाहिला, वायर बदलली, गिटारची बटणं तपासली. माहितीपुस्तक वाचून एकेक अँप लावून पाहिला. 'ब्रिटिश' नावाच्या अँपमधूनही माशीच निघाली, तेव्हा मामा म्हणाले, "इंग्रज जाताना गेनपण घेऊन गेला." आता त्यांना विनोद सुचू लागले होते. मामी मात्र चष्मा लावून वायरीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ही पिन एवढी बाहेर का? स्पीकरची तर पूर्ण आत गेली आहे." खरंच, गिटारच्या वायरीची पिन बोटाच्या पेराएवढी बाहेर राहत होती. मामींनी ती उपटली, भोकाला डोळा लावला आणि विचारलं, "यात वात कुणी घातली?"

मामांचा हात नकळत खिशातल्या डबीवर गेला. स्पीकरची वाट बघण्याच्या दिवसांत त्यांनी मशीनच्या झाडून सगळ्या भोकांचा बंदोबस्त केला होता. जोडताना बाकीचे बोळे काढले, हा एक राहिला, आणि पिनेने त्याला तळाशी दाबून बसवलं. मामींनी केसातला आकडा काढला आणि नाक कोरावं तसा तो कापूस अलगद बाहेर ओढला. मामांनी पिन घातली. खट् आवाज झाला. गेन मघापासून टोकालाच होता, हे आम्ही तिघंही विसरलो होतो.

त्यांनी तार छेडली आणि छातीवर दणका बसला. कपाटातली भांडी थरथरली, खालून नमकीनवाला ओरडला, गॅलरीतली कबुतरं उडाली. मामा तसेच उभे होते, डोळे मिटून, गालांवरून पाणी वाहत. "सुरू झालं," ते म्हणाले, "खातं सुरू झालं." मामींनी दोन्ही हातांनी कान झाकले होते आणि त्या हसत होत्या. माझ्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं. त्या दिवशी मामा पोटभर जेवले आणि खंडव्याला जाताना माझ्या बॅगेच्या कुलपाला, पिशवीला, छत्रीच्या दांड्यालाही त्यांनी हात लावला नाही.

या गोष्टीलाही आता खूप वर्षं झाली. गिरणीच्या जागेवर काय काय उभं राहिलं आहे, मामा तिकडे फिरकत नाहीत. त्यांचे कान अजून ठणठणीत आहेत. कमी ऐकू येतं ते मामींना. मागच्या खेपेला गेलो तर संध्याकाळची गिटार चालू होती आणि मामी स्पीकरला टेकून लसूण सोलत बसल्या होत्या. मध्येच मान वर करून म्हणाल्या, "अहो, जरा वाढवा ना." मामांनी गेन टोकाला नेला. मग खिशातून डबी काढली, दोन बोळे स्वतःच्या कानांत नीट बसवले आणि मामींच्या ओठांकडे बघत वाजवू लागले.