मागच्या गादीतली खुळखुळ

इंग्रजांच्या राज्यात अकोल्याच्या एका बागायतदाराची मोटार मी चालवायचो. एका उन्हाळ्यात अकोटच्या रस्त्यावर ती मोटार आतून खुळखुळायला लागली. मालक मागच्या गादीवर बसत, त्यांना ते ऐकू येई. मी समोर, मला इंजिनाच्या घरघरीपुढे काही कळेना. आणि गाडी थांबवली की आवाज बंद. मी दारांच्या फटींत सरकी काढायच्या जिनातला कापूस कोंबला, बिजागऱ्यांना तेल पाजलं, काचांखाली चामड्याचे तुकडे बसवले. ती मेली खुळखुळ काही जाईना. मालक रोज तोंडसुख घेत.

शेवटी मी म्हणालो, "मालक, जावईबापू गाडी चालवतीन. मी मांगं बसून आयकतो."

"माह्या गादीवर? तुही जागा समोर हाय."

मग अमरावतीहून मिस्त्री आला. तेलकट पाटलोणीनिशी, कुणाला न विचारता, तो त्याच गादीवर जाऊन बसला. मालक बाजूला सरकले. मी गाडी हाकली. मैलभरसुद्धा गेलो नसू, तेवढ्यात त्यानं गादीखाली हात घालून फळीचा सैल झालेला स्क्रू शोधला आणि दोन पिळांत आवळला. आवाज गेला.

मालकांनी त्याला चहा पाजला, स्वतःच्या डब्यातलं पान दिलं. मग माझ्याकडे वळून जे म्हणाले, ते मला अजून गिळता आलेलं नाही.

"पंधरा दिवस कापूस कोंबून राहिला तू. एकदा मांगं बसून पाहाले काय झालं होतं तुले?"