वहिनी गाडीत बसत नाहीत

"दिसते कशी ते नको सांगू. आवाज आयकव."

कोणी नवी गाडी घेतली की भाऊ असं म्हणायचे आणि डोळे मिटून बॉनेटपाशी उभे राहायचे. आपण गाडी सुरू करायची. भाऊ मान तिरपी करून थोडा वेळ ऐकणार आणि मग "चांगली हाये" नाहीतर "दमते बिचारी" असा निकाल देणार. निकाल कैकदा साफ चुकायचा. माझ्या गाडीला त्यांनी "दमते" म्हटलं होतं. ती गाडी अजून ठणठणीत आहे, दमलो तो मी. पण भाऊंनी ऐकल्याशिवाय भिलाईतल्या आमच्या रिसालीत गाडीची पूजा पुरी झाली असं कोणाला वाटत नसे.

भाऊ मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील पोलादाच्या प्लांटमधल्या नोकरीसाठी भिलाईला आले आणि भाऊंचीही सगळी उमर रोलिंग मिलमध्ये गेली. दिवसभर तो दणदणाट ऐकलेली माणसं घरी आल्यावर पंख्याचा आवाजही नको म्हणतात. हा बाबा घरी यायचा, चहा घ्यायचा आणि अंगणात जाऊन आपल्या गाडीचं इंजिन सुरू करून ऐकत बसायचा. गाडी जुनी, पेट्रोलवरची, दुधावरच्या सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची. लग्नाच्या आदल्या वर्षी एका रिटायर होणाऱ्या साहेबाकडून घेतलेली. पोटच्या पोरीला कधी स्वतः न्हाऊ घातलं नसेल, पण गाडी रोज स्वतः पुसायचे.

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण मैदानाच्या कडेला गाड्या घेऊन जमायचो. बॉनेटं उघडायची, टपरीवरचा चहा मागवायचा आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची. असा एक कट्टा तुमच्याही गावात असेल. तुमच्याकडे राजकारण चालत असेल, आमच्याकडे कार्ब्युरेटर चालतो, फरक तेवढाच.

तर एकदा आमच्यातल्या बँकवाल्याने इलेक्ट्रिक गाडी आणली. भाऊ नेहमीसारखे डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ गेला.

"सुरू कर ना बे," भाऊ म्हणाले.

"सुरूच हाये, भाऊ."

भाऊंनी डोळे उघडले. गाडीला एक चक्कर मारली, पुढचं झाकण उघडून आत पाहिलं आणि हळूच परत लावलं. "फ्रिज हाये हा," ते म्हणाले. "फ्रिजले चाकं लावले का गाडी होते काय?" तेव्हापासून आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडीला फ्रिजच म्हणतात. बँकवाला बिचारा पुढचे काही रविवार आलाच नाही.

एवढ्या हौशी माणसाला दुःख एकच होतं. वहिनी त्यांच्या गाडीत बसत नसत. दुर्गपर्यंत कशाबशा जायच्या, डोळे मिटून, तोंडात लवंग धरून, एक शब्द न बोलता. त्यापुढे नाही. माहेर गोंदियाला, पण तिथे रेल्वेने जायच्या. भाऊ गाडी घेऊन स्टेशनपर्यंत सोडायला जायचे आणि परत एकटे यायचे. डोंगरगढला देवीला जाऊ म्हटलं तर वहिनींचे गुडघे दुखायचे, नंदिनी नगरला बहिणीकडे जाऊ म्हटलं तर पापड वाळत घातलेले असायचे.

आम्ही चेष्टेने त्या गाडीला वहिनींची सवत म्हणायचो. घात असा झाला की भाऊंना ते खरं वाटलं. बायको गाडीचा मत्सर करते अशी त्यांची पक्की समजूत झाली. मग ते वहिनींसमोर गाडीला हात लावेनासे झाले. पुसायची तर त्या बाजारात गेल्यावर. वहिनींचं मन वळवावं म्हणून त्यांच्या साडीच्या रंगाची सीटकव्हरं शिवून आणली, उशी आणली, आणि एके दिवशी मोगऱ्याच्या वासाची एक बाटली आणून आरशाखाली चिकटवली. त्या दिवशी वहिनी मैदानाच्या वळणापर्यंत गेल्या आणि उतरून पायी घरी आल्या. भाऊ माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "म्हातारपणी जोडीनं फिरावं असं माह्या मनात होतं. तिले माह्यासंगं नाही फिरायचं."

मग ती दिवाळी आली. लेक रायपूरहून आपली नवी गाडी घेऊन आली होती, म्हणजे फ्रिज. भाऊंनी त्या गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भाऊबीजेच्या सकाळी गोंदियाहून फोन आला, वहिनींच्या थोरल्या दादांना दवाखान्यात नेलंय. त्या दिवसांत रेल्वे लाईनचं काम चालू असल्याने आगगाड्या रद्द. भाऊ आपली गाडी काढायला धावले, तर वहिनी पिशवी भरत म्हणाल्या, "मी बसनं जाईन." भाऊंचं तोंड एवढंसं झालं. लेकीचं बाळ तापलेलं, तिला निघता येत नव्हतं. तिने किल्ली बापाच्या हातात ठेवली. "बाबा, आईले बसमधी नका पाठवू. आज जिद मत करो."

भाऊंना वाटलं, वहिनी हिच्यातही बसणार नाहीत. त्या सरळ पुढे बसल्या.

पुढचं भाऊंनीच मला सांगितलं, परत आल्यावर, मैदानावर एका बाजूला नेऊन. राजनांदगाव मागे पडलं तरी वहिनी डोळे उघडे ठेवून खिडकीतून पाहत होत्या. धान कापून झालंय, तो तलाव केवढा, दादाने लहानपणी आपल्याला सायकलवरून कसं पाडलं होतं, असं बोलणं चाललेलं. भाऊंचं लक्ष मात्र बॅटरीच्या आकड्यावर. अर्ध्याहून जास्त शिल्लक होती, पण भरवसा कोण ठेवणार? एका हॉटेलापाशी चार्जर दिसला तशी त्यांनी गाडी लावली. स्वतःच्या गाडीने जाताना हा माणूस वाटेत कधी थांबायचा नाही. आता काही इलाज नव्हता. दोघं बाकावर बसले. वहिनींनी भजी मागवली आणि खाल्लीसुद्धा.

"तुले गाडीत भूक लागते?" भाऊंनी विचारलं.

"या गाडीत लागून राहिली."

मग हळूहळू निघालं. पेट्रोलचा वास आणि इंजिनची थरथर यांनी वहिनींच्या पोटात ढवळायचं. लग्नानंतर पहिल्यांदा बसल्या तेव्हापासून. डोळे मिटायचे, लवंग धरायची, बोलायचं नाही, ते सगळं उलटी आवरण्यासाठी. मोगऱ्याच्या बाटलीने तर जीव नको केला होता.

"मंग सांगतलं कावून नाही?"

"तुमी त्या गाडीत बसले का किती खुश रायत होते," वहिनी म्हणाल्या. "मी सांगतलं असतं तं तुमी विकली असती."

"विकली असती का हो?" मी भाऊंना विचारलं.

"त्याच दिवशी," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले. मला त्यांचा हेवा वाटला, आणि वाईटही फार वाटलं.

दादा बरे झाले. पुढच्या वर्षी भाऊंनी स्वतःच एक फ्रिज घेतला. जुनी गाडी अंगणातच राहिली. ती विकायला वहिनींनी साफ नाही म्हटलं. रविवारी मैदानावर भाऊ येईनासे झाले. कधी डोंगरगढ, कधी नंदिनी नगर, कधी कुठे नाही तर जवळच्या चरोद्यापर्यंत जाऊन नुसतेच परत. वाटेत भेटले की आम्ही सोडायचो थोडंच? बँकवाल्याने एकदा व्याजासकट वसूल केलं. खिडकीत वाकून म्हणाला, "भाऊ, आवाज आयकवा ना."

"आवाज हाये ना," भाऊ म्हणाले. "बाजूले बसते." वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

गेल्या थंडीत भाऊ गेले. सकाळी उठलेच नाहीत. आजारपण नाही, काही नाही.

महिन्याभराने वहिनींनी आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, "ते गेले तवापासून जुनी गाडी बंदच हाये. त्याईले चाललं नसतं. सुरू करून देता काय?"

आम्ही बॅटरी बदलली. मी चालकाच्या जागी बसलो. पुष्कळ कुरकुर करून इंजिन एकदाचं सुरू झालं आणि अंगणभर पेट्रोलचा वास सुटला. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. मी घाईने म्हणालो, "वहिनी, तुम्ही आत जा. लगेच बंद करतो."

"राहू द्या सुरू," त्या म्हणाल्या.

पायरी उतरून त्या गाडीपाशी आल्या, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसल्या. लवंग घेतली नव्हती. डोळे उघडे होते. मी उतरलो आणि माझ्या बाजूचं दार हळूच लावून घेतलं.