डाव्या हाताची रायफल

इराक युद्धाच्या दिवसांत, ॲन आर्बर या अमेरिकन शहराजवळच्या शिकारीच्या एका दुकानात मी बर्फातले बूट घ्यायला गेलो होतो. काउंटरशी साठीतला एक माणूस रायफली बघत होता. हरीण, अस्वल, सगळ्याला चालेल अशी एकच त्याला हवी होती.

“मग मोठ्या गोळीची थर्टी-ऑट-सिक्सच घ्या,” दुकानदार म्हणाला.

“गोळी सुटताना तिचा धक्का जोरात बसतो. हलकं कॅलिबर, लहान गोळीची दाखवा. आणि गोळी भरायचा बोल्ट डाव्या हाताचा हवा.”

दुकानदाराने दिलेली रायफल त्याने डाव्या खांद्याला लावली. सवय उजव्याची असावी, त्याला ते जमेना. मग उजवा डोळा घट्ट मिटून तो बराच वेळ नेम धरून उभा राहिला.

मी बघतोय हे लक्षात येताच म्हणाला, “मुलासाठी घेतोय. इराकहून आलाय. उजवा डोळा गेला. डोक्यालाही मार आहे, म्हणून धक्का नको.”

“शिकारीचा सीझन सुरू झाला की दोघं जाणार असाल,” मी कसंबसं म्हणालो.

“अजून खोलीबाहेरच येत नाही तो,” तो म्हणाला. पैसे देऊन त्याने रायफलचं लांब खोकं दोन्ही हातांवर घेतलं, झोपलेलं पोर उचलावं तसं, आणि हळूहळू गाडीकडे गेला.