फॉक्सप्रोतली वऱ्हाडी

माझं फॉक्सप्रोवर प्रेम आहे. फॉक्सप्रो ही कॉम्प्युटरची जुनी भाषा, तिला आता जगात कोणी विचारत नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मला पुढे बोलायचं आहे. तिला शोध म्हटलं की ती शोधते, आणि सापडलं नाही तर तोंडावर सांगते. जावात साधा नमस्कार करायचा तरी आधी अख्खं खानदान मांडावं लागतं. पायथनमध्ये डावीकडे एक रिकामी जागा कमी पडली की सगळं अडतं. जिथे काही न लिहिण्यालाही अर्थ असतो, त्या भाषेवर माझा काडीचा विश्वास नाही.

अकोल्याच्या धान्यबाजारातले कितीतरी अडते माझ्या प्रोग्रामवर चालायचे. माल आला, काटा झाला, बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, वजन वजा झालं की हिशोबाची पट्टी छापून बाहेर. प्रोग्रामच्या आतली सगळी नावं मी आपल्या बोलीत ठेवली होती: डागी म्हणजे खराब झालेला माल, तोलाई म्हणजे वजन करायची मजुरी, शिवाय बारदाना, हमाली. सुरुवातीला सोय म्हणून, नंतर मुद्दाम. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाने प्रोग्राम नव्या भाषेत उतरवायला दोनदा पुण्याहून इंजिनीअर आणले. एकाने मला विचारलं, "हे डागी कोण?" मी म्हटलं, "माझे साडू." त्याने ते लिहून घेतलं. दोघंही डोकं धरून परत गेले आणि पन्नाशी ओलांडलेला, दुसरी कुठलीच भाषा न येणारा मी खुर्चीवर राहिलो. ती बोली म्हणजे माझ्या नोकरीचं कुलूप होतं.

मग मालकाने अमरावतीच्या नव्या ऑफिसातून एक मुलगी पाठवली. पायथनवाली. पहिल्याच दिवशी मी तिला सगळ्यात गुंत्याची फाइल उघडून दिली आणि मजेत चहाला गेलो. परत आलो तर ती स्क्रीनकडे बघून हसत होती.

"काका, तुमी डागीत भिजलेलं आन् किडलेलं वेगळं धरलं. आमच्या बाबाले अडत्या कधीच वेगळं धरून देत नाई."

ती अमरावतीजवळच्या भातकुलीची निघाली. घरची तूर, घरचं सोयाबीन.

त्यानंतर मी तिला सुखाने बसू दिलं नाही. "काहून वं, तुह्या पायथनले एक जागा कमी पडली त चक्कर येते का?" असं सगळ्यांसमोर विचारायचो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसायची, डब्यातली भाकर माझ्यापुढे सरकवायची आणि पुढची फाइल उघडायची. मला तिचा द्वेष वाटायचा, भाकरीसकट.

काम संपत आलं तेव्हा मी लाज सोडली. तिला म्हटलं, "मालकाले सांग, तोलाईचा भाग समजून नाई राहिला. तेवढ्यावर माही नोकरी राहीन."

तिने माझ्याकडे खऱ्या नवलाने पाहिलं. "खोटं कसं सांगू काका? तुमी त पाण्यासारखं लिहून ठेवलं."

एवढं कौतुक माझं आयुष्यात कोणी केलं नव्हतं. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

नवा प्रोग्राम सुरू झाला तसा मालकाचा फोन आला. "काका, शनिवारी अमरावतीले या. कार्यक्रम आहे. पोरीबद्दल दोन शब्द बोला." मी दोन शब्द तयार ठेवले: पोरगी हुशार आहे, भाषा मात्र लेचीपेची. समोर सगळं ऑफिस बसलं होतं. मालकाने शाल उलगडली. मुलीला वाट द्यावी म्हणून मी बाजूला सरकलो, तर तो शाल घेऊन माझ्याच मागे आला.

"काकांनी सगळं एवढं सोपं लिहून ठेवलं, का आपल्याले आता त्यायले तरास द्यायची गरजच नाई," तो माइकवर म्हणाला. त्याला खरंच कौतुक करायचं होतं. टाळ्या झाल्या. मुलगी माझ्या पाया पडली. मी तिला सुखी राहा म्हटलं, कारण सगळे बघत होते.

घरी बायकोने शालीचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. "चांगली हाये," ती म्हणाली. "कायचा सत्कार होता?"

"नोकरी गेली," मी म्हटलं.