डोईवरची बाटली

माझा नवरा दारू प्यायचा. साक्रीकडं आमचं गाव, तिथं नाल्यापलीकडं मोहाची भट्टी होती. त्याच्या पायात जोर नसला की मला पाठवायचा. दिवसभर कांदे निंदून यायचं अन् चूल पेटवायच्या आधी पदराखाली बाटली धरून आणायची. उशीर झाला तर मार. लवकर आणली तर पिऊन झाल्यावर मार. मग एका वर्षी आम्ही बायांनी ती भट्टी फोडली. देवीपुढं हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतली, दारूला हात लावणार नाही, पिणाऱ्याला देणार नाही. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. शपथ तशीच आहे.

गेल्या हिवाळ्यात लेकाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तो धुळ्याला असतो. त्यानं मुंबईहून जहाजाची सहल काढली, तीन दिवस पाण्यावर. मलाही घेतलं. मी म्हटलं, पोराला आईची माया आली. माया कशाची ते बंदरावर गाडीतून उतरल्यावर कळलं. जहाजावर मोठ्या माणसाला एक सीलबंद वाइनची बाटली नेता येते, पण ज्याची त्यानं न्यायची. लेकानं तीन आणल्या होत्या. एक त्याची, एक सुनेची, तिसरी माझ्या नावाची.

"माय, ही दारू नही शे. द्राक्षेस्ना रस शे."

"अन् मोहानी कसानी शे रे? फुलेसनीच ना?"

सून हसली. म्हणाली, "आत्याबाई, पिशवीत टाका नुसती. कोणाला दिसतंय?"

पिशवीत माझ्या देवीच्या भंडाऱ्याची पुडी होती. तिच्याशेजारी ही? लेक बाटली घेऊन नुसता उभा राहिला. लहानपणी त्यानं माझ्याकडं काही मागितलंच नाही, मागण्यासारखं घरात काही नव्हतं. आता पन्नाशीला आला अन् पहिल्यांदा मागितलं, ते हे.

मी सुनेला म्हटलं, तुझी ओढणी दे. ओढणीची चुंबळ केली, डोईवर ठेवली.

"ठेव तिच्यावर."

"माय! लोके देखतीन."

"देखू दे."

शेण, मुरूम, विटा, सगळं मी डोईनंच वाहिलं. शपथ हातानं घेतली होती. डोईनं घेतली नव्हती.

रांगेत चालले. हात मोकळे. बाटली जरा हलली नाही. मागचे लोक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. तपासणीवाला साहेब उठूनच उभा राहिला.

"आजी, हे काय?"

"बाटली."

"डोक्यावर?"

"मग काय कंबरेवर घेऊ?"

"खाली ठेवा. ट्रेमध्ये."

"मी तिला हात लावत नाही."

लेकानं हात पुढं केला तर साहेब त्याच्यावर ओरडला, "तुमची एक झाली ना? ज्याची त्यानं ठेवायची!" मागं रांग वाढली. कोणीतरी म्हणालं, आजीला आधी सोडा, नाहीतर जहाज जाईल. बाजूला एक पोलिसासारख्या कपड्यातली पोरगी उभी होती. मी तिला म्हटलं, "पोरी, ओझं उतरव. डोईवरचं ओझं बाईनं एकटीनं उतरवायचं नसतं." तिनं हसत हसत उतरवली. मग विचारलं, "तुमचीच ना, आजी?"

"माझीच," मी म्हटलं.

पलीकडं गेल्यावर सुनेनं परत डोईवर दिली. खोलीपर्यंत तशीच नेली अन् कपाटावर ठेवायला लावली.

समुद्राचं काय सांगू, नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तेव्हा त्यांच्या दोन्ही बाटल्या संपल्या होत्या. लेकाचे डोळे जरा लाल. उठला.

"माय, ती तिसरी आनू का?"

"कोना नावनी शे ती?"

तो थांबला. "तुनी."

"मंग बठ खाली."

बोलून गेले अन् माझं अंग आपोआप आखडलं. मान एका बाजूला गेली. त्याच्या बापाला असं म्हणायची माझी कधी छाती झाली नव्हती. सून ताटात बघत बसली. मी लेकाच्या हाताकडं पाहत होते.

"बरं," तो म्हणाला अन् बसला. माझ्या ताटातला पापड अर्धा मोडून घेतला.

मी दुसऱ्यांदा भात मागितला.