माशीमारांचा खण

माझ्या वन्सं पक्षी-संग्रहालयात चौतीस वर्षं नोकरीला होत्या. मेलेल्या पक्ष्यात कापूस भरायचा, पायाला जातीची चिठ्ठी बांधायची, खणात निजवायचं. घरात आम्ही त्यांना ‘चिठ्ठीवाल्या’ म्हणायचो. तोंडावर नाही, माझी काय बिशाद!

निवृत्तीला तीन दिवस उरले आणि त्यांचं चित्त उडालं. घास हातात धरून मध्येच ताटावरून उठायच्या. शेवटी मी विचारलंच, तेव्हा कळलं.

माशीमार पक्ष्यांच्या दोन जाती, अगदी सख्ख्या बहिणी. नर सोपे: एकाचा तांबडा रंग छातीवर उतरतो, दुसऱ्याचा गळ्याशीच थांबतो. माद्या दोन्हीकडच्या सारख्याच मातकट. त्या वन्संनी वाळलेल्या चोचीवरून लावल्या होत्या: खालची चोच फिकट ती पहिली जात, काळी ती दुसरी. काचेवर आपटून मेलेली एक मादी त्यांनी महिन्यापूर्वी भरली तेव्हा तिची चोच फिकट होती. आता वाळून काळी पडली.

“म्हणजे दोनशे अकरा माद्या मी अंदाजानं लावल्या गं,” वन्सं म्हणाल्या. “शेपटीच्या मुळाची पिसं बघायला हवी होती. एकीची काळीकुट्ट, दुसरीची तपकिरी.”

संग्रहालयाच्या साहेबांनी झटकून टाकलं. “बाई, जाऊ द्या. नवा माणूस बघेल.”

“नवा माणूस माझी सही बघेल आणि पुढे जाईल!”

मग मीच पदर खोचून त्यांच्याबरोबर संग्रहालयात गेले. वन्सं एकेक मादी उजेडात धरून शेपटीवर फुंकर घालायच्या, जात सांगायच्या. मी चिठ्ठी लिहायची, त्या सही करायच्या.

“जुनी चिठ्ठी कापून टाकू का? कोणाला कळतंय!”

“हात लावू नकोस. जुनी काढायची नसते. आधी काय ठरवलं होतं, तेही दिसायला हवं.”

त्यामुळे तपासलेल्या प्रत्येक पायावर दोन चिठ्ठ्या, कित्येकींवर जाती वेगळ्या, दोन्हींवर त्यांचीच सही. मला तर लाजच वाटली त्यांच्या वतीनं. त्यांना वाटत होती की नाही कोण जाणे, हात मात्र पुढच्या मादीकडे वळत होता.

शेवटच्या दिवशी निरोपाचा चहा गार झाला. साहेब दोनदा डोकावून गेले. पाचला पहारेकरी किल्ली मागायला आला तेव्हा अठ्ठावन्न माद्या राहिल्या होत्या.

वन्संनी मोठा कागद घेतला, त्यावर लिहिलं, ‘या खणातल्या, एकच चिठ्ठी असलेल्या माद्यांवरच्या माझ्या सहीवर विश्वास ठेवू नये.’ खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

“अक्षर लागतंय ना?”